वाचकांचे प्रश्न : कॉलेजच्या कॅसेटी आणि कट्ट्यावरची गाणी

दिवाळी झाली की जुन्या बॅचचे स्नेहमेळावे सुरू होतात, आणि माळ्यावरची खोकीही त्याच सुमाराला खाली येतात. त्यामुळे या महिन्याच्या टपालात कॅसेटी, जुनी गाणी आणि कॉलेजचे ग्रुप यांच्याबद्दलची पत्रं बरीच होती. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण कॅसेटच्या कामात एकदा हात चुकला की परत संधी मिळत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९८८-८९ सालच्या चार कॅसेटी आहेत. आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून दुकानातून गाणी भरून घेतली होती. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हॉस्टेलच्या खोलीत रंगलेल्या भेंड्या टेप केल्या आहेत. मुलगा म्हणतो, सगळी गाणी मोबाईलवर मिळतात, टाकून दे त्या कॅसेटी. हे सगळं घरच्या घरी कॉम्प्युटरवर घेता येईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : घेता येईल, आणि टाकून तर अजिबात देऊ नका. त्यातलं एकेक गाणं आज मिळेल हे खरं, कदाचित जास्त स्वच्छही मिळेल. पण तुम्ही मैत्रिणींनी भांडून ठरवलेला क्रम मिळणार नाही. रीळ संपत आलं म्हणून अर्ध्यावर तुटलेलं शेवटचं गाणं तसं मिळणार नाही. भेंड्यांची बाजू तर जगात एकच आहे. म्हणून ती कॅसेट सगळ्यांत शेवटी घ्या, आधी बाकीच्या तिन्हींवर हात बसू द्या.

पहिलं काम दोन मिनिटांचं. कॅसेटच्या ज्या कडेला रीळ उघडं दिसतं, त्याच्या विरुद्ध कडेला दोन टोकांना दोन छोट्या चौकोनी टिकल्या असतात. त्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने तोडा. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या टू-इन-वनवर प्ले आणि रेकॉर्ड शेजारी शेजारी असतात, आणि घाईत दोन्ही दाबली गेली तर भेंड्या कायमच्या पुसल्या जातील. टिकल्या आधीच तुटलेल्या असून भोकांवर कोणी चिकटपट्टी लावली असेल, तर ती काढा.

दुसरी गोष्ट मशीनची. हल्ली मिळणारे स्वस्तातले यूएसबी वॉकमन घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो आणि लांबलेला सूर थरथरतो. घरातला किंवा नातेवाइकांकडचा चांगला डेक किंवा टू-इन-वन बरा, मात्र त्याचा रबरी बेल्ट बदलूनच वापरा. वीस-तीस वर्षं पडून राहिलेला बेल्ट एकतर कडक होतो नाहीतर डांबरासारखा चिकट होऊन विरघळतो. नाशिकमध्ये एमजी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर टेप दुरुस्त करणारा कारागीर कुठे बसतो ते कळेल. बेल्ट बदलल्यावर हेड आणि त्याच्या शेजारचा चकचकीत बारीक दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. बडवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल नको, त्याने रबर कोरडं पडतं. साबणाच्या पाण्याने जेमतेम ओलं केलेलं फडकं पुरतं.

आता एखादी बिनमहत्त्वाची, कंपनीची कॅसेट पंधरा मिनिटं वाजवून बघा. मशीन रीळ खातं का, हे तिच्यावरच कळू द्या. वेगही इथेच तपासा. जे गाणं बरोबर ३ मिनिटांचं असायला हवं ते १७५ सेकंदांत संपलं, तर मशीन जवळपास ३ टक्के जोरात पळतंय आणि स्वर अर्ध्या पट्टीने चढतोय. मशीन ठीक असूनही तुमची भरलेली कॅसेट चढी लागली, तर दोष दुकानातल्या मशीनचा होता. तो नंतर कॉम्प्युटरवर वेग कमी करून काढता येतो.

घरी भरलेल्या कॅसेटीची सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे आवाज गोधडीखालून बोलल्यासारखा दबका येतो. रीळ खराब झालंय असं समजून लोक हताश होतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळत नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो, बऱ्याचदा त्यावर रंगाचा थेंब असतो. कॅसेट वाजत असताना तो एका वेळी जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरवा. 'स', 'श', टाळ्या आणि बांगड्यांचा आवाज जिथे सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी हे वेगळं करावं लागतं. एकाच कॅसेटच्या दोन बाजू वेगवेगळ्या मशीनवर भरल्या असतील तर प्रत्येक बाजूसाठीही करावं लागतं, आणि तुमच्या भेंड्यांच्या बाजूला हे नक्की लागणार.

जोडणी करताना लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते एकाच चॅनलचं असतं आणि टेपचा सिग्नल तिथे फाटतो. स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे टेपचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारी छोटी डबी, घ्या. डेकला मागे लाल-पांढरं लाइन-आउट असेल तर ते जोडा. फक्त हेडफोनचं भोक असेल तर आवाज तिसऱ्या हिश्शापासून सुरू करून हळूहळू वाढवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, ५० हर्ट्झची घुंई बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यांत मोठा आवाज पडद्यावरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गाणी सौम्य असतात आणि भेंड्यांत अचानक किंचाळी येते, म्हणून त्या बाजूला उणे १२ वर ठेवलेलं बरं. सुरू करण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटून बसलेले थर सुटे होतात. मग पूर्ण बाजू न थांबवता घ्या. मधली शांतता, खोकला, पंख्याची घरघर, 'अगं बंद कर ना' हे सगळं येऊ द्या. ही कच्ची फाइल वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी राहिली पाहिजे, काटछाट करायची ती तिच्या प्रतीवर. खरखर कमी करायची असेल तर ६ डेसिबलपर्यंतच. त्यापुढे गेलं की माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात.

साठ मिनिटांची कॅसेट सुमारे १ जीबी होते, नव्वदची दीड. तुमच्या चारही कॅसेटी ६ जीबीत बसतील. तीन प्रती करा आणि त्यातली एक मैत्रिणीच्या घरी ठेवा. कॅसेटच्या आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अक्षर कोणाचं आहे ते फाइलच्या नावात घाला. आणि भेंड्यांत कितव्या मिनिटाला कोण बोलतंय याची यादी एखाद्या मैत्रिणीला शेजारी बसवून आत्ताच लिहून काढा. आवाज ओळखणारी माणसं आहेत तोवरच ती यादी होते.

प्रश्न : आमची एक कॅसेट मशीनमध्ये गुंतून तुटली. दुसरीच्या रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. काही करता येईल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : तुटलेली नक्की जोडता येते. रीळ ओढून काढू नका. मशीनचं दार उघडून रबरी चाक हाताने उलटं फिरवा आणि रीळ मोकळं करा. चुरगळलेला भाग बोटाच्या पेराने सपाट करा, शक्यतो कापू नका. अगदीच लागलं तर समजून असा की कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, म्हणजे १ सेंटिमीटर कापलं तर सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. दोन्ही टोकं एकावर एक धरून नव्या ब्लेडने तिरका, ४५ अंशांचा छेद द्या. टोकं एकमेकांना भिडवा, मध्ये फट नको. मग आतल्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने, रीळ जोडायची खास पट्टी लावा आणि कडेला आलेली जास्तीची पट्टी छाटा. घरातली सेलोटेप चालणार नाही. तिचा गोंद पसरून पुढच्या थराला चिकटतो आणि शेवटी हेडवर जाऊन बसतो.

रिळामागची छोटी नमद्याची गादी पडली असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी रीळ दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटच्या डबीत घालणं सर्वांत सोपं. पाच स्क्रू काढा, आतली मांडणी आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि दोन्ही चकत्या रिळासकट उचलून हलवा. चिकटवलेली डबी असेल तर ती ब्लेडने शिवणीतून उघडावी लागते. ती फुटते, फुटू द्या.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घालू नका, पुढच्या प्रत्येक कॅसेटला तिची लागण होईल. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा. मग तोंडाला मास्क लावून, मोकळ्या गच्चीत, षट्कोनी पेन्सिल चकतीत घालून हळूहळू रीळ फिरवा आणि फिरताना कोरड्या मऊ कापडाच्या चिमटीतून जाऊ द्या. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढावं. पावसाळ्यात पुसलेली बुरशी पंधरा दिवसांत परत येते. पत्र्याखालचा माळा ही कॅसेटींची सगळ्यांत वाईट जागा, एप्रिल-मेच्या उन्हात तिथे डबीच वाकते. कपाटात उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

प्रश्न : २००३ मध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मित्राने सगळ्यांना गाण्यांची सीडी 'राइट' करून दिली होती. ती अडखळते.
— एक वाचक, अमृतधाम

उत्तर : घाई करा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि दमटपणाने उडत जातो, कॅसेटपेक्षाही लवकर. मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल पुसू नका. एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर बघा, हा फरक खरोखर पडतो. वाचण्याचा वेग कमी ठेवा. वरच्या बाजूला मित्राने स्केचपेनने काही लिहिलं असेल तर त्यावर कागदी लेबल चिकटवू नका आणि ते पुसूही नका. माहितीचा थर त्या छापील बाजूलाच, अगदी वर असतो.

प्रश्न : वय ५४. गाडीत कॉलेजच्या वेळचं एखादं गाणं लागलं की घसा दाटून येतो, एकेकाचे चेहरे समोर येतात. नवी गाणी चांगली वाटतात पण आत काही हलत नाही. हे नॉर्मल आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पूर्णपणे. माणसाला आयुष्यातल्या ज्या आठवणी सर्वांत जास्त आणि सर्वांत स्पष्ट राहतात, त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या असतात, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासलं गेलं आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली गाण्यांच्या आवडीवर अभ्यास केला. लोकांना सर्वांत जवळची वाटणारी गाणी ते साधारण २३-२४ वर्षांचे असताना गाजलेली होती, असं त्यात आढळलं. पेट्र जनाता यांनी २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की ओळखीचं गाणं आणि त्याला चिकटलेली आठवण कपाळामागच्या एकाच भागात एकत्र येतात. हा भाग आपल्या स्वतःबद्दलच्या विचारांचा आहे. तेव्हा गाणं लागलं की चेहरे समोर येणं हे मेंदूचं नेहमीचंच काम आहे.

त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात: घर सोडून राहणं, स्वतः निवडलेली माणसं, प्रेम, नापास होणं. त्यात तुमच्या पिढीला गाणी मोजकी मिळाली. एका कॅसेटमध्ये बारा-चौदा गाणी, तीच वर्षभर सगळ्या खोलीने ऐकायची. एकाच गाण्याभोवती तीच माणसं आणि तीच जागा इतक्या वेळा आली की गाठ पक्की बसली. नवं गाणं आज आवडतं, पण ते एकट्याने, हेडफोनवर, दोनदा ऐकलेलं असतं. आत काही हलत नाही त्याचं कारण बहुधा एवढंच.

गाणं कोणत्या साली आलं याला मात्र फार महत्त्व देऊ नका. विविध भारतीवर किंवा मेसमधल्या रेडिओवर ऐकलेली तुमच्या जन्माआधीची गाणीही कॉलेजचीच गाणी होतात. शिवाय कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये दाखवलं की तरुण मुलांना आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही विशेष जवळची वाटतात. घरात मुलं असतील तर ती गाणी मोठ्याने लावा.

एक सूचना मनापासून करावीशी वाटते. जे गाणं सर्वांत खोल जातं ते रोज लावू नका. रोज गाडीत वाजलं की त्याला सिग्नल, ऑफिस आणि ट्रॅफिकच्या आठवणी चिकटत जातात आणि चेहरे धूसर होतात. महिन्यातून एकदा, पूर्ण, दुसरं काही न करता ऐका. मग कुठे होतो, कोण होतं, हातात काय होतं, अशा तीन ओळी लिहा आणि त्यातल्या एकाला त्याच दिवशी फोन करा. जुन्या आठवणींनी माणसाला एकटं न वाटता उलट जोडलेलं वाटतं, असं अभ्यासांत दिसतं. मात्र गाण्यानंतर तासन्तास उठवत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आमच्या १९९५ च्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, साठेक जण येतील. मागच्या वेळी डीजे लावला आणि तीन तास कोणी कोणाशी बोलूच शकलं नाही. या वेळी गाणी तर हवीतच. कसं बसवावं?
— संयोजक, इंदिरानगर

उत्तर : डीजे नको हा निर्णय पहिल्या बैठकीतच घ्या, नंतर कोणीतरी 'थोडा वेळ तरी' म्हणून आणतंच. समोरासमोरचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. मागचा आवाज ७० च्या वर गेला की माणसं ओरडू लागतात, आणि पन्नाशीनंतर बारीक स्वर कमी ऐकू येत असल्यामुळे गोंगाटात शब्द लागतच नाहीत. मग माणसं हसून मान हलवतात आणि मोबाईल काढतात. जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून आवाज मोजणारं अॅप लावा. काटा ५५-६० च्या पुढे गेला की आवाज कमी करा.

महिनाभर आधी प्रत्येकाकडून तीन गोष्टी मागवा: एक गाणं, त्यामागचं एका ओळीतलं कारण, आणि 'हे गाणं नको' असं एखादं असेल तर तेही, फक्त तुमच्याकडे. ही तिसरी गोष्ट टाळू नका. ज्या गाण्यावर सगळे नाचतात त्याच गाण्याला कोणाचा तरी मोडलेला संसार किंवा गेलेला भाऊ चिकटलेला असू शकतो. साठांपैकी २०-२२ गाणी निवडा. तीनचार जणांनी सुचवलेली आधी घ्या. लोक येत असताना अर्धा तास मंद आवाजात लावा. जेवताना गाणी बंद. ओळखीचे शब्द कानावर पडले की गप्पा तुटतात, म्हणून तिथे वाद्यसंगीत चालेल किंवा काहीच नको. जेवणानंतर मात्र वीस मिनिटं मोठ्याने. प्रत्येक गाण्याआधी त्या माणसाने उभं राहून आपली ती एक ओळ सांगायची, भाषण नको.

भेंड्या ४० मिनिटांच्याच ठेवा. चार गट करा आणि जुने कंपू मुद्दाम फोडा, नाहीतर त्याच दहा जणांचा कार्यक्रम होतो. जे मागच्या बाकावर गप्प बसायचे त्यांना गुण मोजायला बसवा. अक्षरासाठी २० सेकंद. सगळ्यांनी मिळून म्हणायची सात-आठ गाणी १८ पॉइंटच्या अक्षरात छापून द्या. चष्मा विसरलेले निम्मे असतातच.

एक मोठा स्पीकर पुढच्या रांगेला बहिरं करतो आणि मागे पोचत नाही. दोन छोटे, कानाच्या उंचीवर, माइकच्या पुढे ठेवा. माइकच्या मागे गेले की शिट्टी मारतात. दोन बिनतारी माइक आणि बदलायला सेल ठेवा.

उघड्यावर असेल, म्हणजे गंगापूर धरणाच्या बाजूचं एखादं रिसॉर्ट वगैरे, तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, हे कॉलेजच्या आवारात कार्यक्रम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हॉलमध्ये ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला परवाना लागू शकतो. पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचा परवाना आहे का, हे हॉलवाल्याला बुकिंगच्या वेळीच विचारा. कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभाला जी सूट आहे ती गेट-टुगेदरला लागू नाही.

आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन झाल्यावर कॉलेजच्या आवारात अर्धा तास जा. त्यासाठी प्राचार्यांना आधी पत्र द्या, रविवारी गेट बंद असतं. तिथे स्पीकर नेऊ नका.

प्रश्न : ग्रुपमध्ये मी गायचो. पूर्वी काळी दोनमध्ये आरामात जायचं, आता वरच्या जागा फाटतात. मेळाव्यात सगळ्यांनी आग्रह केला तर?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आवाज वयानुसार उतरतो, मानानं खाली या. काळी दोनवरून, पेटीवरची मधली पांढरी धरून, दोन पट्ट्या उतरलात की काळी एक, तिथे बहुतेकांचं जमतं. पट्टी ठरवताना 'सा' बघू नका, गाण्यातला सगळ्यांत वरचा स्वर बघा. तो जोर न लावता सलग तीनदा लागला तरच ती पट्टी तुमची. कराओके ट्रॅक असेल तर लय न बदलता पट्टी उणे दोन करता येते. मित्र गिटार वाजवणार असेल तर तिसऱ्या घरातला कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) पहिल्या घरात आणला की दोन पट्ट्या उतरतात. कॅपो मुळातच नसेल तर मात्र त्याला कॉर्ड बदलावे लागतील, ते आठवडाभर आधी सांगा.

सगळे मिळून गाणार असाल तर एकाच पट्टीत पुरुष आणि बायका दोघांनाही सोयीचं होत नाही. त्यांच्या पट्ट्यांत साधारण मध्यम-पंचमाचं अंतर असतं. मुखडा सगळ्यांनी म्हणावा आणि अंतरे वाटून घ्यावेत. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं खर्जात नुसता हुंकार द्या, कोमट पाणी घ्या. डाळिंबाचा गार रस नंतर.

प्रश्न : आमचा एक मित्र मागच्या वर्षी गेला. गॅदरिंगमध्ये त्याने गायलेलं गाणं एका कॅसेटवर सापडलं आहे. मेळाव्यात वाजवावं का? एकाने त्याचा आवाज एआयने तयार करून 'नवा संदेश' ऐकवायची कल्पना मांडली आहे.
— एक वाचक, सिडको

उत्तर : आधी त्याच्या घरी जा. वहिनींना, मुलांना कॅसेट सापडल्याचं समोर बसून सांगा, फोनवर अचानक क्लिप टाकू नका. कच्ची फाइल पहिल्यांदा त्यांना द्या, एकांतात ऐकू द्या. त्यांनी हो म्हटलं तर मेळाव्यात वाजवा. पूर्ण गाणं नको, दीड-दोन मिनिटं पुरे. गाण्याआधी त्याने माइकवर काही गंमत केली असेल तर ती नक्की ठेवा, मित्रांना तो तिथे जास्त भेटेल. वेळ जेवणाआधीची घ्या, म्हणजे नंतर लोकांना एकमेकांशी बोलायला अवधी राहतो. वाजवण्यापूर्वी काय ऐकवणार आहोत ते जाहीर करा, ज्यांना बाहेर जायचं असेल त्यांना जाऊ द्या.

एआयचा संदेश करू नका. तो जे बोललाच नाही ते त्याच्या आवाजात घरच्यांच्या कानावर घालायचा हक्क कोणत्याही मित्राला नाही.

प्रश्न : कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज जुन्या गाण्यांच्या लिंक टाकते. कोणी उत्तर देत नाही. मैत्रीच संपली का?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : लिंक उघडली जात नाही, एवढंच. दिवसाला पाच लिंक आल्या की ग्रुप म्यूट होतो. आठवड्याला एकच गाणं टाका आणि सोबत कोणा एकाला उद्देशून एक प्रश्न टाका: हे सोमेश्वरच्या सहलीला बसमध्ये कोणी म्हटलं होतं? प्रॅक्टिकलच्या दिवशी कोण सारखं गुणगुणत होतं? माणसं लिंकला उत्तर देत नाहीत, पण चुकीची आठवण दुरुस्त करायला सगळे धावतात. स्वतःच्या आवाजात दोन ओळी म्हणून पाठवल्यात तर आणखी बरं. आणि कॅसेटवरून काढलेला आवाज पाठवत असाल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. शनिवारी रात्रीपेक्षा रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पाठवा, तेव्हा चहा हातात असतो आणि फोन करायला वेळही असतो.